पायमोजे आणि माळढोक

सह्याद्रीने पावसाळी वाऱ्यांतले बहुतेक पाणी काढून घेतल्यावर त्याच्या पूर्वेस जो कोरडा पट्टा उरतो, त्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. सोलापूर जिल्हा याच पट्ट्यात येतो, आणि तेथील उथळ मातीच्या, मुरमाड व झाडांविषयी फारशी आस्था नसलेल्या उघड्या गवताळ जमिनीला माळ हे नाव आहे. या जिल्ह्यात येणाऱ्या प्रवाशांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग देवाचा असून तो पंढरपूर, अक्कलकोट आणि शेजारच्या जिल्ह्यातील तुळजापूर यांच्यामध्ये फिरत राहतो आणि सोलापूर शहर हे गाडी बदलण्याचे ठिकाण मानतो. दुसरा वर्ग खरेदीचा असून तो चादरी, टॉवेल, शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन मिळेल त्या गाडीने परततो. तिसरा वर्ग संख्येने अत्यल्प असून तो माळढोक नावाचा पक्षी पाहण्यासाठी येतो आणि जाताना प्रसाद व चादर घेऊन जातो, कारण माळढोक त्यास दिसलेला नसतो. प्रस्तुत लेखन या तिसऱ्या वर्गाविषयी आहे.

माळढोक उभा राहिला की सुमारे एक मीटर उंच भरतो. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाते, त्यामुळे जगातील सर्वांत जड उडणाऱ्या पक्ष्यांत त्याची गणना होते. डोक्यावर काळी टोपी, लांब पांढुरकी मान आणि मातीच्या रंगाची पाठ, असा त्याचा थाट असतो. एवढा मोठा पक्षी सपाट, उघड्या जमिनीवर दिसू नये हे प्रथमदर्शनी अशक्य वाटते. परंतु गवत गुडघ्याला लागत असेल आणि पक्ष्याने मान खाली घातली, तर ती पाठ आणि तो माळ यांत भेद करणे अनुभवी माणसासही कठीण जाते. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे, धान्य, भुईमूग यांपैकी जे मिळेल ते तो खातो. विणीच्या हंगामात नर गळ्याखालची पिशवी फुगवून, शेपूट पाठीवर उभारून खोल घुमारा काढतो व तो बराच दूरवर ऐकू जातो. इतका गाजावाजा करून अखेरीस मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही घरट्याची फारशी तसदी न घेता उघड्या जमिनीवर. कुटुंबनियोजनाच्या पुरस्कर्त्यांनी या पक्ष्याची दखल कशी घेतली नाही, याचे आश्चर्य वाटते.

१९६९ च्या सुमारास देशात साधारण १,२६० माळढोक असावेत असा अंदाज होता. २००८ पर्यंत तो तीनशेवर आला आणि आता ही संख्या दीडशेच्या आसपास मानली जाते. त्यांतले बहुतेक राजस्थानात, मुख्यतः जैसलमेरच्या परिसरात आहेत. तेथे हा पक्षी गोडावण म्हणून ओळखला जातो आणि तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. गुजरातेतील कच्छमध्ये अलीकडे केवळ माद्या उरल्या, आणि महाराष्ट्रातील गणना एकदोनांवर येऊन ठेपली. २०११ पासून जागतिक यादीत तो अतिसंकटग्रस्त, म्हणजे निसर्गातून नाहीशा होण्याच्या अगोदरच्या पायरीवर आहे. या पार्श्वभूमीवर पक्षिशास्त्रात वारंवार उद्धृत होणारी एक नोंद वाचण्यासारखी आहे: रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या इंग्रज शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या काळात अहमदनगर परिसरात ९६१ माळढोक मारले. वीस वर्षे, सरासरी आठवड्याला जवळजवळ एक. आज देशात जेवढे उरले आहेत त्यांच्या सहापटींहून अधिक पक्षी या एका गृहस्थास दिसले आणि प्रत्येकाच्या बाबतीत त्याने ते दर्शन अखेरचे ठरवले.

प्रस्तुत लेखकास मात्र एकही दिसलेला नव्हता, आणि यात त्याच्या नेत्रांचा व देहाचा वाटा मोठा आहे. हा लेखक देहाने विस्तृत, चालण्याच्या बाबतीत तत्त्वनिष्ठ विरोधक आणि वृत्तीने टिपणे काढणारा आहे. दुर्बीण डोळ्यांना लावली असता त्यास प्रायः स्वतःच्या पापण्या दिसतात, आणि या पापण्यांचे त्याचे निरीक्षण आता इतके सखोल झाले आहे की त्यावर स्वतंत्र प्रबंध होऊ शकेल. पक्ष्यांचे ज्ञान तो ग्रंथांतून घेतो. पक्षीकोशाचे कर्ते मारुती चितमपल्ली १९३२ साली सोलापुरातच जन्मले आणि २०२५ साली पद्मश्री लाभल्यानंतर त्याच वर्षी सोलापुरातच निवर्तले, हे तो पाहुण्यांना नेमाने सांगतो. परंतु वनाधिकारी म्हणून आयुष्य रानात काढलेल्या त्या गृहस्थांचा ग्रंथ पंख्याखाली बसूनच वाचावा, असा त्याचा दंडक आहे.

हा दंडक मोडण्यास लेखकाचा पुतण्या कारणीभूत झाला. हा पुतण्या नोकरीनिमित्त इंग्लंडात विल्टशायर परगण्यात राहतो आणि परदेशी गेलेल्या अनेक मराठी तरुणांप्रमाणे तेथे गेल्यावर त्यास निसर्गाचा साक्षात्कार झाला. सोलापुरात असताना ज्याने चिमणी व कबुतर यांपलीकडे पक्ष्यांशी संबंध ठेवला नव्हता, तो आता पाहिलेल्या प्रत्येक पक्ष्याची नोंद करतो, आणि त्या यादीस तो ‘लाइफ लिस्ट’ म्हणतो. विल्टशायरमधील सॅलिस्बरीच्या पठारावर माळढोकाचा युरोपीय भाऊबंद राहतो. ब्रिटनमध्ये हा पक्षी १८३२ साली शेवटचा विणला आणि मग शिकारीने व शेतीने नामशेष झाला. २००४ पासून रशियातील सारातोव्ह प्रांतातून पिल्ले आणून, आणि पुढे स्पेनमधून अंडी आणून, त्यास पुन्हा तेथे वसवण्यात आले. पुतण्याने पावसात भिजत, पैसे भरून, जीपमधून हा पक्षी पाहिला व यादीत नोंदला. त्याच जीपमध्ये बसलेल्या एका वृद्ध इंग्रजाने, आपण कोठले, अशी चौकशी केली. सोलापूर, हे उत्तर ऐकताच तो वृद्ध अत्यानंदित होऊन म्हणाला, “नान्नज!”

नान्नज हे सोलापूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर, बार्शी रस्त्यावरचे गाव असून महाराष्ट्रातील माळढोक अभयारण्याचा तो गाभा आहे. पुतण्याचे आजोळ बार्शीचे. म्हणजे लहानपणी दर सुट्टीत त्याची एसटी याच गावावरून गेली आणि त्या वेळी, जेव्हा माळावर माळढोक खरोखरच फिरत होते, तो खिडकीतून समोरून येणारे ट्रक मोजत होता. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते आणि आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. पुतण्यास दुसऱ्याच्या देशातला पक्षी दिसला आणि आपल्या आजोळच्या वाटेवरचा दिसला नाही. या म्हणीतील कुसळास पुढे या प्रवासात जे महत्त्व येणार होते, त्याची त्या वेळी कोणास कल्पना नव्हती.

पुढच्या रजेत तो सोलापुरास आला, तो काकूसाठी चॉकलेटे आणि काकांसाठी जाड, गुडघ्यापर्यंत येणारे, करड्या रंगाचे लोकरी पायमोजे घेऊन. पक्षिनिरीक्षणास जाणारे इंग्रज असेच पायमोजे वापरतात, असे त्याने सांगितले. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो आणि इतर ऋतूंत तो त्या आठवणीतच असतो. अशा शहरात लोकरी पायमोज्यांचे प्रयोजन काय, असा प्रश्न काकूने विचारला, परंतु परदेशाहून आलेल्या वस्तूस नाही म्हणण्याची आपल्या समाजात रीत नाही. पुतण्यास शहर दाखवणे क्रमप्राप्त होते म्हणून सिद्धेश्वराचे देऊळ व तळे, भुईकोट किल्ला आणि हिप्परग्याचा १८७१ सालचा तलाव ही स्थळे एका संध्याकाळी उरकण्यात आली; ती सर्व जागच्या जागी होती.

पावसाळा नुकताच सरला होता आणि माळावरचे गवत पिकू लागले होते. पहाटे भाड्याची गाडी आली. तिच्या चालकाने विचारले, “नान्नजला काय बगायला निगालाव ओ काका? द्राक्षं?” हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नव्हता. नान्नज द्राक्षांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. सोनाका आणि शरद सीडलेस या वाणांचे जनक नानासाहेब काळे याच गावचे, आणि त्यांतल्या सोनाकाच्या नावातच सोलापूर, नान्नज आणि काळे यांची आद्याक्षरे आहेत. माळढोक पाहायचा आहे, असे सांगताच चालकाने आरशातून लेखकाचे व पुतण्याचे पायमोजे क्रमाने पाहिले आणि म्हणाला, “आमच्या आज्जानं बगिटलता म्हनं. आता कुटलं ओ.” यानंतर गावापर्यंत तो काही बोलला नाही.

येथे अभयारण्याचा इतिहास थोडा सांगावा लागतो, कारण तोही एक प्रकारे विनोदीच आहे. नान्नजच्या माळावर माळढोक असल्याचे सत्तरच्या दशकात सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी जगापुढे आणले. त्याच सुमारास अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली, म्हणजे सतत दुष्काळ पडणाऱ्या तालुक्यांसाठीच्या सरकारी योजनेखाली, काही माळराने चराईपासून राखून तेथे गवत वाढवले होते. योजना गुरांच्या वैरणीसाठी होती. फायदा पक्ष्याने घेतला आणि राखलेल्या तुकड्यांत तो विणू लागला. १९७९ साली सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झाले, आणि त्याचे क्षेत्र ठरवणाऱ्याने हात इतका सैल सोडला की ते ८,४९६ चौरस किलोमीटर भरले. सिक्कीम हे संपूर्ण राज्य याहून लहान आहे. गावे, बाजारपेठा, उसाचे फड, सारे कागदोपत्री अभयारण्यात आले आणि स्वतःच्या जमिनीच्या व्यवहारालाही परवानग्यांचे लचांड मागे लागल्यावर, ज्या शेतकऱ्याने जन्मात माळढोक पाहिला नव्हता त्याच्या मनातही त्या पक्ष्याविषयी निश्चित मत तयार झाले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत घटवले गेले. पक्ष्यास एवढे मोठे राज्य बहाल करून त्याच्या नावे हजारो शत्रू निर्माण करण्यापेक्षा थोडे गवत नीट राखले असते तर बरे झाले असते, असे मत आता अनेक अभ्यासक मांडतात.

राखीव तुकड्याच्या फाटकाशी वनखात्याचे एक वयस्क मजूर उभे होते. त्यांना सर्व जण मामा म्हणत, म्हणून लेखकानेही, वयात फारसा फरक नसता, मामाच म्हटले. मामांच्या पायांत टायरच्या चपला होत्या आणि विजार पोटरीपर्यंत दुमडलेली होती. त्यांनी परवाना पाहिला, मग पायमोजे पाहिले, काही बोलावेसे वाटून ते थांबले आणि साहेबलोकांच्या पोशाखाविषयी न बोलण्याच्या दीर्घ सवयीने गप्प राहिले. पुढे जे घडले त्याचा विचार करता हे मौन फार महागात पडले.

फाटकापासून लपणापर्यंतची वाट गवतातून जाते. लपण म्हणजे प्राण्यांना न दिसता त्यांचे निरीक्षण करता यावे म्हणून बांधलेली छोटी बंदिस्त जागा. हिला समोर एक आडवी फट असते आणि आत अरुंद बाक असतो. लपणाचे नियम तीन: बोलायचे नाही, हलायचे नाही, आणि ज्यास हे जमत नसेल त्याने यायचे नाही. उजाडताना तिघे आत बसले. समोर सोनेरी होत चाललेला माळ पसरला होता, दूरवर काळविटांचा कळप चरत होता, वर एक भोवत्या, म्हणजे हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा शिकारी पक्षी, गवतावरून लहरत चालला होता. लेखकाने दुर्बीण लावली, पापण्या ओळखीच्या निघाल्या, आणि त्याच क्षणी डाव्या घोट्याच्या किंचित वर काहीतरी टोचले.

या ठिकाणी कुसळीचा परिचय करून देणे आवश्यक आहे. कुसळी हे दख्खनच्या माळावरचे एक प्रमुख गवत असून पावसाळ्यानंतर ते पिकू लागले की त्याच्या दाण्याच्या खालच्या टोकास एक अणकुचीदार काटा तयार होतो आणि वरच्या टोकास लांब, तपकिरी काडी येते, हेच कुसळ. काट्यावरचे बारीक केस मागच्या दिशेस वळलेले असतात, त्यामुळे कुसळ पुढे सरकते, मागे येत नाही. काडीचा खालचा भाग पिळलेला असतो. ओल लागली की तो पीळ उलगडतो, वाळले की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यामुळे काटा सुताराच्या गिरमिटाप्रमाणे आत शिरत जातो. ही सर्व योजना निसर्गाने मातीसाठी केलेली आहे: कुसळ जमिनीवर पडावे, पाऊस यावा, पीळ सुटावा आणि बी आपले आपणच पेरले जावे. मेंढपाळांना तिचा उपद्रव जुना आहे, कारण लोकरीत अडकलेले कुसळ फिरत फिरत मेंढीच्या कातडीपर्यंत पोहोचते. विल्टशायरच्या मेंढीची लोकर सोलापुरी कुसळापुढे येईल, हे मात्र निसर्गाच्या मूळ आराखड्यात नसावे.

फाटकापासून लपणापर्यंतच्या वाटेवर दोन्ही पायमोज्यांनी, गुडघ्यापर्यंत जेवढे क्षेत्र उपलब्ध होते तेवढ्यात, कुसळांची भरघोस वसाहत करून घेतली होती. लपणात हवा नव्हती, सूर्य वर येत होता, आणि पावसाची जागा घामाने घेतली. पीळ सुटू लागले. आरंभी ही टोचणी एकेकट्या ठिकाणी होती आणि अभ्यासू मनास तिचे स्थाननिश्चितीपूर्वक वर्णन करता येत होते. परंतु लवकरच ती सार्वत्रिक झाली. तथापि लेखकाने टिपणे काढण्याची सवय सोडली नाही आणि पक्ष्यांप्रमाणे कुसळांचेही दोन गट पाडले: एक स्थायिक, जी शिरल्या जागी स्वस्थ राहतात, आणि दुसरी स्थलांतरित, जी प्रत्येक हालचालीबरोबर पोटरीवरून वरच्या प्रदेशाकडे सरकतात. दुसऱ्या गटातील एका कुसळाने गुडघ्याची हद्द ओलांडून विजारीत प्रवेश केला, तेव्हा वर्गीकरणाचे काम थांबवावे लागले.

हलायचे नाही, हा नियम किती अमानुष आहे, हे तो पाळावा लागल्याखेरीज कळत नाही. लेखकाने प्रथम दात आवळले, मग डोळे मिटले, मग रामरक्षा मनातल्या मनात म्हणून पाहिली. रामरक्षेत देहाच्या अनेक अवयवांचे रक्षण मागितलेले आहे, पण लोकरीपासून रक्षणाची तरतूद नाही. शेजारी पुतण्याची अवस्था निराळी नव्हती, परंतु इंग्लंडातील दीर्घ वास्तव्यामुळे तो दुःख चेहऱ्यावर न आणता केवळ कानांच्या पाळ्यांवर आणू शकत होता. त्या लालबुंद झाल्या होत्या. मामा मात्र उघड्या पोटऱ्यांनिशी स्वस्थ बसून फटीतून बाहेर पाहत होते, कारण उघड्या पायावरचे कुसळ हाताने झटकले की पडते.

अखेर व्हायचे ते झाले. विजारीतले ते स्थलांतरित कुसळ एका नाजूक वळणावर आले, लेखकाचा पाय त्याच्या संमतीविना उचलला गेला आणि लपणाच्या फरशीवर सणसणीत आपटला. लपणापासून काही पावलांवर एक टिटवी बसली होती. टिटवी जमिनीवरच अंडी घालते, त्यामुळे संशय हा तिचा स्थायीभाव असतो आणि धोक्याची बातमी स्वतःपुरती ठेवणे तिच्या स्वभावात नसते. ती ओरडत उठली, तिचे ऐकून दुसरी उठली, काळविटांनी माना वर केल्या आणि पुढच्याच क्षणी सारा कळप उड्या घेत दिसेनासा झाला, तितर गवतातून भरारले, आणि माळावर त्या वेळी जो जो जीव होता त्या प्रत्येकास कळले की लपणात माणसे आहेत व त्यांतला एक मोठा आहे. माळढोक हा या सर्वांहून भित्रा समजला जातो. तो त्या दिवशी तेथे होता की नव्हता, हा प्रश्न यानंतर केवळ तात्त्विक उरला.

पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग तो म्हणाला, “काका, निदान टिटवी तरी नीट दिसली ना?” या वाक्यातील उपरोध इंग्रजी होता की सोलापुरी, हे ठरवणे कठीण आहे.

लपणाबाहेर आल्यावर मामांनी लेखकास एका दगडावर बसवले, त्याचा पाय स्वतःच्या गुडघ्यावर घेतला आणि कुसळे काढावयास आरंभ केला. कुसळ ओढले की काडी हातात येते आणि काटा आत राहतो. म्हणून मामा प्रत्येक कुसळ अगदी मुळाशी दोन नखांत धरीत, किंचित उलटे फिरवीत आणि मगच उपसून बाजूला ठेवीत. जाड, फुटलेल्या, तंबाखूने पिवळ्या झालेल्या त्या नखांत अशी हलकी लकब असेल असे वाटले नसते. या कामास वेळ लागला आणि त्या वेळात, कोणी विचारले नसता, मामा बोलत राहिले. “पाऊस झाला की ती येती. एकटीच हाय. कुटनं येती, कुटं जाती, कुनाला ठाव न्हाई. आली की सायबाला फोन लावतो.” आणि नाही आली तर, असे पुतण्याने विचारले. मामांनी मान वर न करता उत्तर दिले, “न्हाई आली तरी मी बगतोच की रोज. तिला काय म्हाईत, आज मी सुट्टीवर हाय का कामावर?” या उत्तरावर विनोद करणे शक्य आहे, परंतु तो येथे केलेला नाही.

माळढोकाची ती मादी एकटी का उरली, याची कारणे सर्वांना माहीत असून ती कोणी एकाने घडवलेली नाहीत. उजनी धरणाचे पाणी जिल्ह्यात खेळू लागले, विहिरी व कूपनलिका खोल गेल्या, आणि जेथे पावसावर ज्वारी, करडई, हरभरा पिकत असे तेथे ऊस व द्राक्षे आली. ज्वारीच्या शेतात माळढोक वावरत असे, उसात तो शिरू शकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ भोगलेल्या शेतकऱ्याने पाणी आल्यावर ऊस लावला, यास दोष देण्याचा अधिकार नळाचे पाणी पिणाऱ्या कोणासही नाही. वीजवाहक तारांचे संकट वेगळे: माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्याने त्यास समोरचे कमी दिसते आणि वजनामुळे ऐनवेळी वळता येत नाही, म्हणून तो तारांवर आदळतो. याच कारणास्तव २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान व गुजरातेतील तारांविषयी आदेश दिले, आणि २०२४ मध्ये ते बदलून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला.

परंतु ज्या एका कारणाने चीड यावी ते निराळेच आहे. सरकारी नकाशांत माळ हा पडीक जमीन म्हणून रंगवला जातो. पडीक म्हटले की कोणास तरी तेथे काहीतरी करावेसे वाटते, आणि करणाऱ्यांत सर्वांत निरागस, म्हणून सर्वांत धोकादायक, तो झाडे लावणारा असतो. सामाजिक वनीकरणाच्या उत्साहात माळांवर गिरिपुष्पाची रांगेने लागवड झाली. पाहुण्यांच्या हस्ते खड्डे भरले गेले, छायाचित्रे निघाली, आणि दूरवर पाहता यावे म्हणून उघडी जमीन निवडणाऱ्या पक्ष्याच्या डोळ्यांपुढे झाडांची भिंत उभी राहिली. गवताला जंगलाचा मान आपल्या प्रशासनात नाही आणि जनमानसातही नाही. वाघासाठी जंगल राखावे हे सर्वांना पटते; नाकतोड्यासाठी कुसळी राखावी असे कोणी म्हटले तर सभेत हशा पिकतो. पण नाकतोडे नसतील तर माळढोक नाही, आणि कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते नसतील तर नाकतोडे नाहीत. लेखकाच्या पायमोज्यांनी ज्याचा अनुभव घेतला तो उपद्रव हे त्या माळाच्या प्रकृतीचे उत्तम प्रमाणपत्र होते. ज्या माळावरून स्वच्छ पायमोजे घेऊन परतता येते, तेथे माळढोक शोधण्यात अर्थ नाही.

परतीच्या वाटेवर पुतण्याने आपली यादी उघडली आणि बंद केली. विल्टशायरमध्ये नोंदलेला पक्षी त्याच्या मनात डाचत असावा, कारण तो म्हणाला की इंग्रजांनी तरी चूक सुधारली. हे खरे आहे, परंतु त्या सुधारणेचा हिशेब पाहण्यासारखा आहे. पक्षी हरवल्यावर तो परत आणण्यास त्यांना जवळजवळ पावणेदोनशे वर्षे लागली, आणि तेही शक्य झाले ते रशियात व स्पेनमध्ये तोच पक्षी शिल्लक होता म्हणून. माळढोक भारताबाहेर पाकिस्तानात थोडा आढळतो, एवढेच. तो येथून गेला तर अंडी मागण्यास जाण्याजोगा देश पृथ्वीवर नाही. २०१९ पासून जैसलमेर जिल्ह्यात सम येथे माळढोकांची कृत्रिमरीत्या पैदास होते, पुढे रामदेवराजवळही केंद्र झाले, आणि २०२४ साली कृत्रिम रेतनाने तेथे पिल्लूही जन्मले. ही शास्त्रज्ञांची मोठी कामगिरी आहे. परंतु ती पिल्ले मोठी झाल्यावर त्यांना सोडण्यासाठी माळ लागेल, आणि माळ कोणत्याही प्रयोगशाळेत उबवता येत नाही.

काकूने ते करडे पायमोजे अंगणाबाहेर टाकण्याचा हुकूम केला आणि पुतण्यास दुपारी भाकरी व शेंगाचटणी वाढून त्याचे सांत्वन केले. चालकाने भाडे घेताना, दिसला का, असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता गाडी वळवली.

नान्नजला जाऊ इच्छिणाऱ्या वाचकासाठी सूचना अशा: वनखात्याची परवानगी आधी काढावी, पहाटे पोहोचावे, विणीच्या हंगामात वाट सोडून माळात पाऊल टाकू नये, विजार सुती असावी आणि पायमोजे घरी ठेवावेत. माळढोक दिसण्याची आशा फार धरू नये. आणि आपल्या गावच्या ग्रामसभेत पडीक माळावर झाडे लावण्याचा ठराव आला, तर हात वर करण्यापूर्वी एकदा तेथे जाऊन गवतातून चालून यावे. कुसळे टोचली, तर ठरावाच्या विरुद्ध मत द्यावे.